छत्तीस तासांत सापडलेला ट्रक आणि न थांबलेली वाहने

दिनांक ९ ऑगस्ट २०२५. रक्षाबंधनाचा सण होता. नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापार परिसरातून एक दाम्पत्य दुचाकीवरून आपल्या गावाकडे निघाले होते. एका ट्रकने त्यांना धडक दिली. पत्नी रस्त्यावर पडली आणि ट्रकखाली सापडून मरण पावली. ट्रक निघून गेला. पतीने येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांना मदतीसाठी विनवले, पण कोणीही थांबले नाही. अखेर त्याने पत्नीचा मृतदेह दुचाकीला बांधला आणि तो घराच्या वाटेला लागला. त्या दृश्याची चित्रफीत पुढे देशभर पाहिली गेली आणि ती पाहून अनेकांची मान खाली गेली.

त्यानंतर जे घडले तेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या दुःखी माणसाला ट्रकचा क्रमांक ठाऊक नव्हता आणि तो कोणत्या बनावटीचा होता हेही सांगता येत नव्हते. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढेच त्याला आठवत होते. नागपूर ग्रामीण पोलिसांनी महामार्गावरील तीन टोल नाक्यांच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण मिळवले. हे नाके एकमेकांपासून पंधरा ते वीस किलोमीटर अंतरावर आहेत. ते चित्रीकरण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन प्रणालींपुढे ठेवण्यात आले. पहिल्या प्रणालीने लाल खुणा असलेले ट्रक वेगळे काढले. दुसरीने त्या ट्रकांच्या सरासरी वेगाचा हिशेब मांडला आणि अपघाताशी कोणाचा संबंध असू शकेल हे तपासले. शेवटी एक ट्रक उरला. छत्तीस तासांच्या आत, सुमारे ७०० किलोमीटर दूर, ग्वाल्हेर-कानपूर महामार्गावर तो पोलिसांच्या ताब्यात आला. या कामी नागपुरातच असलेल्या 'मार्व्हल' या संस्थेचे तंत्रज्ञान उपयोगी पडले. पोलीस तपासासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता यावी म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये ही कंपनी स्थापन केली आहे.

या दोन गोष्टी एकाच रस्त्यावर, एकाच घटनेत घडल्या. यंत्राने हजारो वाहनांतून एक ट्रक शोधून काढला. त्याच रस्त्यावरून गेलेल्या माणसांपैकी एकालाही ब्रेकवर पाय ठेवावासा वाटला नाही. आज नागपुरात नवउद्योग, डेटा आणि व्यक्तिमत्त्व विकास या तीन विषयांवर पुष्कळ बोलले जाते. शाळा-महाविद्यालयांतील व्याख्यानांत आणि धर्मग्रामांतील युवक-मार्गदर्शन शिबिरांतही हे शब्द आता सहज कानी पडतात. या तिन्हींचा विचार आपण देवलापारच्या त्या रस्त्यावर उभे राहून करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम आपल्या शहराकडे पाहू. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली आणि 'मिहान' प्रकल्पाला आकार येऊ लागला. कित्येक वर्षे त्या माळरानावर आश्वासनेच अधिक उगवली, अशी तक्रार नागपूरकर करीत. तरीही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, इन्फोसिस आणि एचसीएल यांसारख्या कंपन्या तेथे आल्या. पर्सिस्टंटने नागपुरात आधीच मूळ धरले होते. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली व आज व्हीएनआयटी म्हणून ओळखली जाणारी संस्था तर होतीच. तिच्या जोडीला २०१५ मध्ये आयआयएम आणि २०१६ मध्ये ट्रिपल आयटी आली. ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पूर्वी पुणे, हैदराबाद वा बंगळूरुची गाडी पकडत असे, त्या घराला आता वाटू लागले आहे की लेकरू कदाचित येथेच राहील आणि रात्री जेवायला घरी येईल. ही आशा लहान नाही. विदर्भातील म्हातारे आईवडील आणि दूर गेलेली मुले यांचे दुःख ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना तिचे मोल सांगावे लागत नाही.

देशभरातही असेच वारे आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आरंभ झाला. तेव्हा मान्यताप्राप्त नवउद्योगांची संख्या काही शेकड्यांत होती. २०२५ च्या आरंभी ती दीड लाखांवर गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. महाराष्ट्राने २०१८ मध्ये नवउद्योगांसाठी स्वतंत्र धोरणही आखले. मात्र मान्यता मिळाली म्हणजे धंदा उभा राहिला असे नव्हे, आणि धंदा झपाट्याने वाढला म्हणजे तो टिकेल असेही नव्हे. 'बायजूज' या शिक्षण कंपनीचे उदाहरण ताजे आहे. २०२२ मध्ये तिचे मूल्य २२ अब्ज डॉलर मानले गेले. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. 'मूल्य' हा येथे फसवा शब्द आहे. गुंतवणूकदाराने कंपनीचा लहानसा हिस्सा ज्या भावाने घेतला, त्या भावाने संपूर्ण कंपनीची मांडलेली ती किंमत असते. ती रक्कम तिजोरीत नसते. तेवढा नफा झालेला असतो असेही नाही. पुढचा गुंतवणूकदार तोच भाव देण्यास तयार नसला, की तो आकडा विरून जातो. मागे उरतात ते पगाराची वाट पाहणारे कर्मचारी आणि शुल्क भरून बसलेले पालक.

मोठ्या, जुन्या कंपन्यांतील नोकरीही आता पूर्वीसारखी निर्धास्त राहिलेली नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये जगभरातील आपल्या मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक, कपात जाहीर केली. तिचा रोख प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीकडे होता. ज्या कंपनीत नोकरी लागली की नातेवाईक पेढे मागत, तिच्यासंबंधीची ही बातमी पुष्कळ घरांत काळजीने वाचली गेली. तेव्हा मुलांना 'कंपनीत चिकटवून देणे' हे आपले जुने उद्दिष्ट पुन्हा एकदा तपासून पाहावे लागेल.

आता डेटाविषयी. हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याची नोंदवही, तलाठ्याचे दप्तर, दवाखान्यातील केसपेपर हे सर्व नोंदींचेच साठे आहेत. फरक इतकाच की पूर्वी नोंद माणूस करी आणि ती एका कपाटात राही. आता मोबाईल, कॅमेरे आणि टोल नाके अखंड नोंदी करीत असतात, आणि यंत्र त्या एकत्र आणून त्यांतून निष्कर्ष काढते. हे सामर्थ्य चांगल्या कामी लावता येते याचा एक दाखला नागपुरातच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये येथे 'आयरास्ते' हा रस्ता-सुरक्षा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, हैदराबादची ट्रिपल आयटी, इंटेल आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात सहभागी झाल्या. महापालिकेच्या 'आपली बस'मध्ये कॅमेऱ्यावर चालणारी उपकरणे बसविण्यात आली. समोर कोणी आडवे आले, किंवा पुढील वाहन फार जवळ आले, की उपकरण चालकाला सावध करते. असा इशारा कोठे कोठे दिला गेला याचीही नोंद राहते.

या नोंदींचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. ज्या ठिकाणी वारंवार अपघात होतात, माणसे दगावतात, त्याला आपण 'ब्लॅक स्पॉट' म्हणतो. म्हणजे ते ठिकाण ओळखण्यासाठी आधी काहींना जीव गमवावा लागतो. बसगाड्यांच्या इशाऱ्यांवरून मात्र जेथे अपघात होता होता वाचला, अशी ठिकाणेही कळतात. त्यांना 'ग्रे स्पॉट' असे नाव आहे. तेथे वळण सुधारले, फांदी छाटली, पट्टे आखले, तर ते ठिकाण काळे होण्यापूर्वीच उजळू शकते. २०२३ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात डेटाचा याहून मोलाचा उपयोग कोणता? देवलापारला तंत्रज्ञान मृत्यूनंतर धावून आले. येथे ते मृत्यूच्या आधी येऊ पाहते. नव्या उद्योगाची कल्पना शोधणाऱ्या तरुणांनी हा फरक अवश्य टिपून ठेवावा.

मात्र यंत्र आले की जबाबदारी आपोआप येत नाही. ती माणसांना आणावी लागते. नागपूरला हे नवे नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. त्या काळी ती अत्याधुनिक यंत्रांची जागा होती. यंत्रांबरोबर धूळ, उकाडा आणि अपघातही आले. मिलमध्ये हवा खेळती व दमट ठेवण्याची सोय झाली, आगीपासून बचावाची व्यवस्था झाली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये कामावर जखमी झालेल्या कामगारांना भरपाई देण्याची योजना आली. सरकारचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९२३ मध्ये आला. म्हणजे एका गिरणीत शक्य झालेली गोष्ट देशाच्या कायद्यात येण्यास जवळजवळ तीन दशके लागली. २००२ मध्ये एम्प्रेस मिल कायमची बंद झाली आणि गांधीसागर तलावानजीकच्या तिच्या आवारात आता मॉल उभा आहे. भोंगा गेला, पण यंत्राने इजा केली तर भरपाई कोण देणार, हा तिने विचारलेला प्रश्न संपलेला नाही.

हाच धागा रोममध्येही पकडला गेला आहे. ८ मे २०२५ रोजी निवड झाल्यावर दोनच दिवसांनी पोप लिओ चौदावे यांनी कार्डिनल मंडळापुढे आपल्या नावाचे कारण सांगितले. तेरावे लिओ यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकातून पहिल्या औद्योगिक क्रांतीच्या काळातील कामगारांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच आव्हान उभे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. एम्प्रेस मिलचा निवृत्तिवेतन निधी आणि ते परिपत्रक यांत केवळ पाच वर्षांचे अंतर होते, हे नागपूरकरांनी लक्षात घेण्याजोगे आहे. जगात जो प्रश्न विचारला जात होता, तो आपल्या शहरातही त्याच वेळी विचारला जात होता.

आजचा प्रश्न असा की आपल्या नोंदींचा धनी कोण? ज्या कॅमेऱ्यांनी तो ट्रक टिपला, त्यांनी त्या दिवशी तेथून गेलेले प्रत्येक वाहन टिपले. लाल खुणा असलेले ट्रक पुष्कळ असतात. यंत्राने चुकून दुसराच वेगळा काढला असता, तर एखाद्या निरपराध चालकावर बालंट आले असते. यंत्र संशय दाखवते. अपराध सिद्ध करणे हे न्यायालयाचे काम आहे. डिसेंबर २०२५ मध्ये 'महाक्राइमओएस' ही तपास-प्रणाली राज्यातील सर्व अकराशे पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. तिची सुरुवात नागपुरातील २३ ठाण्यांतून झाली होती. तपास जलद होत असेल तर त्याचे स्वागत आहे. पण जितके सामर्थ्य अधिक, तितकी देखरेखही अधिक हवी, एवढे तरी नागरिकांनी म्हटले पाहिजे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्या पीठावरील न्यायमूर्ती शरद बोबडे, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, ते नागपूरचे आणि येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. या निर्णयानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची, असे त्यांत ठरविण्यात आले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरेल आणि कसूर करणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. तथापि, गुन्ह्यांचा तपास व प्रतिबंध यासाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला कायद्यातील बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. नवउद्योगांनाही काही बंधनांतून मोकळीक देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. छोट्या उद्योगावर कागदपत्रांचे ओझे नको, हे खरे. पण लहान कंपनीच्या हातून फुटलेली माहिती ज्याची असते, त्या माणसाचे नुकसान लहान असेलच असे नाही.

आता व्यक्तिमत्त्व विकासाकडे वळू. 'तीन महिन्यांत डेटा तज्ज्ञ व्हा' अशा जाहिराती आपल्या मुलांच्या मोबाईलवर रोज झळकतात. आमचे पालकांस नम्र सांगणे आहे की शुल्क भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात. शिकविणारे कोण आहेत, मागील तुकडीतील किती जणांस कोठे काम मिळाले, शुल्कासाठी कर्ज काढले जात आहे काय, आणि मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील काय. उत्तर गोलमाल असेल तर घरी परतावे.

खरा विकास याहून सावकाश होतो. त्याचा पहिला भाग म्हणजे आकड्याला प्रश्न विचारण्याची सवय. कोणी मोजले, कशासाठी मोजले आणि मोजायचे कोण राहिले? टोल नाक्यांवरील कॅमेऱ्यांवरून कोणी अपघातांची यादी केली, तर ज्या खेड्यांच्या रस्त्यांवर टोल नाकाच नाही तेथील मृत्यू तिच्यात येणारच नाहीत. यादी अचूक दिसेल आणि तरीही अपुरी असेल. हे ओळखण्यास महागडा अभ्यासक्रम लागत नाही. बारावीचे संख्याशास्त्र आणि थोडे धैर्य पुरते.

दुसरा भाग म्हणजे यंत्राखेरीज आणखी एका विषयाची जाण. नागपुरात कापसावरील केंद्रीय संशोधन संस्था आहे, मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांवरील केंद्रीय संस्था आहे आणि पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी १९५८ पासून आहे. कापूस, माती, संत्री व पाणी यांविषयीचे इतके ज्ञान एका शहरात क्वचितच एकवटलेले असेल. बोंडअळी म्हणजे काय हे ज्याला शेतात उभे राहून ठाऊक आहे आणि ज्याला संगणकही चालवता येतो, त्याला काम शोधत फार फिरावे लागू नये. विदर्भातील तरुणाने बंगळूरुच्या तरुणाची नक्कल करण्याचे कारण नाही. त्याच्याकडे स्वतःचे प्रश्न पुरेसे आहेत, आणि चांगला उद्योग प्रश्नातूनच जन्मतो.

तिसरा भाग कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. तो म्हणजे थांबणे. त्या दिवशी वाहने का थांबली नाहीत? ते सारे लोक दुष्ट होते असे आम्ही मानत नाही. पोलिसांचा ससेमिरा, न्यायालयाचे हेलपाटे, अंगावर आळ येण्याची भीती, ही कारणे आपल्यालाही परिचित आहेत. आपणही कधी काच वर करून पुढे गेलो असू. पण ही भीती आता बऱ्याच अंशी जुन्या काळातील आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही बरेवाईट झाले म्हणून, दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. स्वेच्छेने साक्षीदार होण्यास तो तयार असला, तरच त्याची साक्ष घेतली जाते. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचाराची योजनाही आहे. अशा मदतनीसाला या कायद्यात 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. हे नाव आपल्या वाचकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. यरीहोच्या वाटेवर कोण पुढे निघून गेले आणि कोण थांबला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तेव्हा आमची एक सूचना आहे. यापुढे धर्मग्रामात करिअर-मार्गदर्शनाचे शिबिर भरेल, तेव्हा संगणकावरील व्याख्यानाबरोबर एक तास प्रथमोपचारासाठी ठेवावा. रक्तस्राव कसा थांबवावा, जखमीला कसे हलवावे, १०८ आणि ११२ या क्रमांकांवर काय सांगावे आणि कलम १३४-अ आपल्याला कोणते संरक्षण देते, एवढे तरी प्रत्येक युवक-युवतीला त्या तासात कळावे. याला खर्च जवळपास नाही आणि लागणारे डॉक्टर, परिचारिका व वकील आपल्याच बाकांवर बसलेले असतात.

आपली मुले मिहानमध्ये नोकरी करोत, स्वतःचा उद्योग काढोत किंवा 'मार्व्हल'सारख्या संस्थेत ट्रक शोधणारी प्रणाली घडवोत, आम्हांस त्याचा आनंदच होईल. मात्र रात्री काम आटोपून त्याच महामार्गावरून घरी परतताना रस्त्याच्या कडेला कोणी हात करून उभा दिसला, तर त्यांची गाडी थांबेल, इतकी तयारी आपण त्यांची करून द्यावयास हवी.